आधी डेर-डी-दास, मग व्हिसा

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. वडगावातल्या आमच्या गल्लीत मागांचा खडखडाट आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, त्यामुळे शेजारच्या घरातले बोलणे स्पष्ट ऐकू येते. एका संध्याकाळी शेजारच्या काकू पदराला हात पुसत आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “सर, थोरली खुळी झाली काय बघा की जरा. गच्चीवर पत्र्याखाली बसून एकटीच बडबडायलीय. डेर, डी, दास. डेर, डी, दास. एन् माडूदु री?”

थोरली म्हणजे त्यांची मोठी मुलगी. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, इथल्याच एका रुग्णालयात रात्रपाळी करणारी. वडील मराठी, पूर्वी त्यांचे चार यंत्रमाग होते, आता एकच आहे. आई बैलहोंगलकडची, पक्की कन्नड. त्या घरात रागावणे कन्नडात आणि लाड मराठीत चालतात. आपल्या भागात अशी घरे गल्लोगल्ली आहेत, वाचकांना ते वेगळे सांगायला नको.

मी गच्चीवर गेलो. मुलगी खुळी झाली नव्हती, जर्मन शिकत होती. तिच्या बरोबरीच्या दोघीजणी आखाती देशात गेल्या होत्या, एक आयर्लंडला गेली होती. हिने जर्मनी ठरवले होते. घरी अजून कुणाला सांगितले नव्हते, कारण सांगितले की पहिला प्रश्न येणार, “व्हिसाला किती लागतात?” आणि त्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नव्हते. खरे तर तो प्रश्नच चुकीचा आहे, हे मला तिच्यामुळे पुढच्या दोन वर्षांत कळले. म्हणूनच हा लेख.

मी पडलो मराठी व्याकरण शिकवणारा माणूस. तिची वही बघून मला भलताच आनंद झाला. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असते आणि लिंगे तीन. डेर म्हणजे तो, डी म्हणजे ती, दास म्हणजे ते. इंग्रजीतून जर्मनकडे जाणारा इथे डोके धरून बसतो. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी का, असे तो विचारत राहतो. आपल्याला त्यात नवल नाही. आपल्या स्वयंपाकघरात चमचा तो, वाटी ती आणि ताट ते असतेच की! का, म्हणून कुणी विचारले तर आपल्यालाही सांगता येत नाही. काकूंना मी हे समजावले तर त्या म्हणाल्या, “आमच्या कन्नडात बरं आहे. निर्जीव सगळं अदु.” तेही खरे. पण मूल मात्र तिन्ही भाषांत नपुंसकलिंगी. मराठीत ते मूल, कन्नडात मगु म्हणजे अदु, आणि जर्मनमध्ये दास किंड.

याहून गंमत आकड्यांची. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. इंग्रजीत आणि कन्नडात उलट, इप्पत्तैदु म्हणजे आधी वीस आणि मग पाच. जर्मन आपल्या बाजूचा निघाला. तो म्हणतो फ्युन्फ-उन्ड-त्स्वान्त्सिख, पाच आणि वीस. शिवाय ‘कारण’ने सुरू होणाऱ्या जर्मन उपवाक्यात क्रियापद थेट शेवटी जाते. मराठी आणि कन्नड माणूस तर जन्मापासून क्रियापद शेवटीच ठेवत आला आहे. थोरलीच्या ऑनलाइन वर्गात दिल्ली-केरळची मुले होती, त्यात आकडे ऐकून लिहिण्यात ही पहिली. नर्सला आकडे चुकून चालत नाही, औषधाची मात्रा आकड्यातच असते, असे ती त्यावर म्हणाली. हुशार मुलगी.

जर्मन माणसाचे आणि आपल्या मुलखाचे नाते जुने आहे, हेही मी काकूंना सांगितले. फर्डिनांड किट्टेल नावाचा जर्मन मिशनरी १८५३ साली, एकविशीत, बासेल मिशनतर्फे इकडे आला. धारवाड-मंगळूर भागात राहून त्याने कन्नड शब्द गोळा केले आणि १८९४ साली सुमारे सत्तर हजार शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश छापून काढला. धारवाडचे किट्टेल कॉलेज काकूंना ठाऊक होते, पण किट्टेल हे माणसाचे नाव आहे, आणि तेही जर्मन माणसाचे, हे ठाऊक नव्हते. “तो इथं येऊन आमची भाषा शिकला म्हणता, मग हिनं त्यांची शिकली तर काय बिघडलं,” असे म्हणून त्या खाली गेल्या. घरची परवानगी अशी किट्टेलसाहेबांनी मिळवून दिली.

वडिलांची परवानगी मात्र सोपी नव्हती, आणि त्याला कारण आमच्याच नात्यातले होते. माझा मामेभाऊ, खानापूरकडचा. त्या वेळी ब्रिटनमध्ये वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करना स्किल्ड वर्कर व्हिसा मिळत होता. एका एजंटाने सहा लाख घेतले, ‘स्पॉन्सरशिपचे सर्टिफिकेट’ आणून दिले, व्हिसाही खरा लागला. भाऊ विमानात बसला. तिथे पोचल्यावर कळले की ज्या कंपनीच्या नावाने तो गेला तिच्याकडे त्याच्यासाठी काम नव्हते. कागदावर कंपनी होती, काम नव्हते. पुढे त्या कंपनीचा परवाना गेला आणि दुसरा मालक शोधायला त्याला साठ दिवस मिळाले. साठ दिवसांत मालक मिळाला नाही. शेताचा तुकडा विकला होता तो विकलाच. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणेच बंद केले, त्यामुळे आता तो दरवाजाही राहिला नाही.

हे सगळे थोरलीच्या वडिलांनी ऐकले होते. ते एकच वाक्य म्हणत, “व्हिसा खरा होता म्हणतात, मग फसला कशात?”

या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. आपण व्हिसाला रेल्वेच्या तिकिटासारखे समजतो. पैसे दिले, तिकीट हातात आले, गाडीत बसलो. कौशल्याच्या व्हिसाचे तसे नसते. तो एका ठरावीक कामासाठी आणि बहुतेक वेळा एका ठरावीक मालकासाठी मिळतो. काम गेले की व्हिसाच्या पायाखालची जमीन जाते. म्हणून विचारायचे ते मालक कोण, काम कोणते, पगार किती आणि आपली पदवी तिथे पदवी म्हणून धरतात का, हे. याची उत्तरे पक्की असली की व्हिसा हा शेवटचा आणि त्या मानाने सोपा कागद. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे शुल्क आहे पंच्याहत्तर युरो. लाखांचा हिशेब सांगणारा माणूस ज्याचे पैसे घेतो ते व्हिसाचे नसतात.

जर्मनीने कुशल कामगारांसाठीचा कायदा १ मार्च २०२० पासून लागू केला आणि २०२३-२४ मध्ये टप्प्याटप्प्याने सैल केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत नेण्याचे त्या सरकारने जाहीर केले. ती बातमी आली आणि महिन्याभरात आपल्याकडे ‘जर्मनी गॅरंटी’ असे फलक चौकाचौकांत लागले. गॅरंटी मिक्सरला असते. माणसाच्या नोकरीला कुणी देत असेल तर तिथून चप्पल घालून निघावे.

नर्सचा रस्ता इतरांहून लांब आहे, कारण तिथे परिचारिका हा परवान्याचा व्यवसाय आहे. आपल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमातले तास, विषय, वॉर्डातली प्रत्यक्ष कामे हे सगळे भाषांतर करून त्या राज्याच्या कार्यालयाकडे पाठवायचे. जर्मनीत सोळा राज्ये आहेत, आणि ज्या राज्यात रुग्णालय त्या राज्याचे कार्यालय. ते आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात आणि कुठे काय कमी आहे ते लेखी कळवतात. या पत्राला त्यांच्याकडे चक्क ‘डेफिझिट’चा निर्णय म्हणतात. थोरलीला ते पत्र आले त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते, नापास झाली असेच सगळ्यांना वाटले. वास्तविक हे पत्र हाती आले की त्याच्या जोरावर व्हिसा मिळतो. तिथे जाऊन सहायक म्हणून काम करत कमी असलेला भाग पुरा करायचा, नाहीतर ज्ञानपरीक्षा द्यायची. ते झाले की पूर्ण परिचारिका, आणि पूर्ण पगार. तोवर पगार कमी असतो, हे आधीच समजून घेतलेले बरे.

आणि भाषा. व्हिसासाठी साधारणपणे बी-१ पातळी, परवान्यासाठी बी-२. थोरलीने ए-१ ऑनलाइन केले, पुढच्या परीक्षा बंगळुरूच्या मॅक्स म्युलर भवनात जाऊन दिल्या. (जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटला भारतात ज्याचे नाव दिले आहे तो मॅक्स म्युलर ऋग्वेदाचा संपादक, पण आयुष्यात एकदाही भारतात आला नाही. आमचा किट्टेल निदान आला तरी.) रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे, चार तास झोपायचे आणि मग गच्चीवर. बी-२ ला ती पहिल्या खेपेस ऐकण्याच्या भागात नापास झाली. वाचन, लेखन, संभाषण पास. ही परीक्षा भागाभागांनी देता येते, म्हणून दुसऱ्या खेपेस फक्त ऐकण्याचा भाग दिला. त्या दोन महिन्यांत आमच्या गल्लीने इतक्या जर्मन बातम्या ऐकल्या की समोरचा किराणावाला मला “गुटन मॉर्गन, सर” म्हणू लागला होता.

नोकरीची मुलाखत व्हिडिओवर झाली. रुग्णालयाने प्रवासाचा आणि पुढच्या अभ्यासाचा खर्च स्वतः उचलला. तिथे परदेशातून नर्स आणणाऱ्या संस्थांसाठी २०२२ पासून सरकारी दर्जाचे एक मानचिन्ह आहे, त्याची मुख्य अट हीच की भरतीचा भार नर्सवर टाकायचा नाही. करार मात्र मी दोनदा वाचायला लावला. काही करारांत अमुक वर्षांच्या आत काम सोडले तर खर्च परत करा, असे कलम असते. ते कितपत आहे आणि रक्कम दर वर्षी कमी होते का, हे सही करण्याआधी विचारावे. इथे एजंट घ्यायचाच असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत त्याची नोंदणी आहे का ते बघावे. अशा नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. माझ्या मामेभावाने सहा लाख मोजताना हे एक वाक्य माहीत असते तर!

आता सगळ्यात त्रासाचा भाग सांगतो, आणि तो जर्मनीचा नव्हे, आपला आहे. नाव. थोरलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर तिचे नाव कन्नड पद्धतीने, पुढे वडिलांचे आद्याक्षर. नर्सिंगच्या पदवीवर मराठी पद्धतीने मधे वडिलांचे पूर्ण नाव, शेवटी आडनाव. जन्मदाखल्यावर नुसते नाव. पासपोर्टवर आणखी चौथा प्रकार, कारण फॉर्म भरणाऱ्याने नाव आणि आडनावाच्या रकान्यांत काय कुठे टाकले ते देव जाणे. जन्मगाव एका कागदावर ‘बेलगाम’, दुसऱ्यावर ‘बेळगावी’. नोव्हेंबर २०१४ मध्ये इंग्रजीतले नाव बदलले, त्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्याला हे एकच गाव वाटते, आणि त्याच्या नावावरून आपण इथे किती काय करून बसलो आहोत! पण हजारो मैलांवर बसलेल्या कारकुनाला ही दोन गावे आणि चार मुली दिसतात. प्रतिज्ञापत्रे, दुरुस्त्या, पुन्हा भाषांतरे यांत तिचे पाच महिने गेले. ज्यांच्या घरात दहावी-बारावीची मुले आहेत त्यांनी परदेशाचा विचार असो वा नसो, सगळ्या कागदांवरचे नाव आजच एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावे.

सीमाभागाची आणखी एक गंमत. कोल्हापूरची मुलगी जर्मनीच्या व्हिसासाठी मुंबईला जाते. आपण कर्नाटकात राहतो, म्हणून आपले कार्यालय बंगळुरू. थोरलीच्या वडिलांनी मुंबईच्या आत्याकडे उतरायचे ठरवून टाकले होते, ते बदलावे लागले. २०२५ च्या सुरुवातीपासून अर्ज आधी ऑनलाइन भरायचा आणि मग कागद व बोटांचे ठसे द्यायला जायचे, अशी पद्धत झाली आहे. रुग्णालयाने तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रियेचा अर्ज केला होता, त्यामुळे तारीख लवकर मिळाली. बाप-लेक राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघाले. बरोबर फाइल, आणि फाइलच्या वर कुंद्याचा डबा. कुंदा कुणाला, म्हणून मी विचारले तर म्हणाले, “साहेबाला.” तो डबा अर्थातच तसाच परत आला आणि आम्ही खाल्ला.

नर्स नसलेल्यांसाठी दोन शब्द. इंजिनियर आणि संगणकवाल्यांना ‘ब्ल्यू कार्ड’ आहे. त्यासाठी पदवी तिथे मान्य असायला हवी आणि पगार ठरावीक रकमेच्या वर. २०२५ साली ही रक्कम वर्षाला ४८,३०० युरो होती, माणसांचा तुटवडा असलेल्या कामांसाठी ४३,७५९.८० युरो. दर वर्षी ती बदलते. संगणक क्षेत्रात पदवी नसली तरी मागच्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य अनुभव चालतो. आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या मुलांसाठी १ मार्च २०२४ पासून अनुभवाचाही एक रस्ता आहे. सरकारमान्य दोन वर्षांचे शिक्षण (आयटीआयचा फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो), मागच्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव आणि हातात ठरावीक पगाराची नोकरी. नोकरी नसताना शोधायला जाता येईल असे ‘संधी कार्ड’ जून २०२४ मध्ये सुरू झाले, त्यात शिक्षण, भाषा, वय यांचे गुण मोजतात. पण तिथे राहण्याचा खर्च आपल्या खिशात असल्याचे दाखवावे लागते, म्हणून कर्ज काढून त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत. आणि माझ्या वयाच्या वाचकांनी उगाच उत्साही होऊ नये. पंचेचाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच कामासाठी जायचे तर पगाराची जास्त अट आहे, नाहीतर म्हातारपणाची तजवीज दाखवा म्हणतात.

जाण्याआधी एका रात्री थोरलीच्या वडिलांनी मला कागद-पेन घेऊन बसवले. युरोला रुपयांनी गुणून आकडा तयार होता, त्या आकड्यात दोन माग बसत होते. मी त्यातून वजाबाकी सुरू केली. कर, आरोग्य विमा, पेन्शनची वर्गणी यांत सुमारे तिसरा हिस्सा जातो. मग घरभाडे, मग हिवाळी कपडे, मग फोन. आकडा उतरत गेला तसा त्यांचा चेहरा उतरेल असे मला वाटले होते. उलट ते म्हणाले, “म्हणजे ती तिथं राहायला चाललीय. पाठवायला नव्हे.” थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग आतून काकू म्हणाल्या, “आणि आम्ही म्हातारे झालो की?”

याचे उत्तर कायद्यात थोडेसे आहे. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा निवास परवाना मिळालेल्या कुशल कामगाराला पुढे आईवडिलांनाही तिकडे बोलावता येते, मात्र त्यांच्या खर्चाची आणि आरोग्य विम्याची सोय दाखवता आली पाहिजे. उतारवयातल्या माणसाचा तिथला विमा महाग पडतो. शिवाय हे सगळे तिचा परवाना पुरा झाल्यानंतरचे. मी तेवढे सांगितले. काकूंना ते पटले की नाही ते कळले नाही. त्यांनी एवढेच विचारले, तिथे ज्वारीचे पीठ मिळते काय.

सप्टेंबर २०२५ मध्ये थोरली गेली. ज्वारीचे पीठ मिळत नाही, म्हणजे तिच्या गावात मिळत नाही, तासाभरावरच्या मोठ्या शहरात मिळते. वॉर्डातल्या आजीबाई ज्या बोलीत बोलतात ती बी-२ च्या पुस्तकात नव्हती, त्यामुळे पहिला महिना ती रोज रडली. आता एक आजी तिला रोज एक नवा शब्द शिकवते आणि दुसऱ्या दिवशी विचारते. ज्ञानपरीक्षा व्हायची आहे.

रोज रात्री नऊ वाजता काकू फोन करतात. तेव्हा तिकडे साडेपाच झालेले असतात, ड्यूटी संपवून ती खोलीवर आलेली असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर दोन-तीन दिवस फोन उचललाच जाईना. काकू रडकुंडीला येऊन माझ्याकडे आल्या. तिकडे हिवाळ्यासाठी घड्याळे एक तास मागे लावतात, आपले नऊ म्हणजे आता त्यांचे साडेचार, ती अजून वॉर्डात असणार, हे मी त्यांना कागदावर काढून दाखवले. त्यांनी तो कागद फ्रिजवर लावला आहे. त्यावर त्यांच्याच अक्षरात, कन्नड अंकांत, मार्चच्या शेवटच्या रविवारची तारीख लिहिली आहे.